मनिषला खबर कोण देतं

उंबरगावच्या चाळीतल्या त्या खोलीत पोलीस शिरले तेव्हा जमिनीवर चहाचा कप होता. हवालदाराने वाकून कपाला बोट लावलं.

"अजून कोमट आहे," तो म्हणाला.

दांडीवर शर्ट होते, कोपऱ्यात बूट होते, मनिष वरठा मात्र नव्हता. ओळख पटवायला म्हणून आणलेली योगिता दारातच थांबली होती. तलासरीहून निघायचं, हद्द ओलांडून गुजरातेत जायचं, तिथल्या पोलिसांना सोबत घ्यायचं आणि रिकामी खोली बघून परत यायचं. ही तिसरी खेप.

"कुणीतरी खबर देतं त्याला," हवालदार म्हणाला.

योगिताच्या मनात आलं, खबर देणारा तूच कशावरून नाहीस?

ही गोष्ट २०१८ च्या थंडीतली. तोवर योगिताचं मन असंच झालं होतं. कुणी पाणी विचारलं तरी ती आधी त्याच्या तोंडाकडे बघायची. पूर्वी ती तशी नव्हती. उधव्याच्या रस्त्याला असलेल्या तिच्या पाड्यात मनमोकळी, हसरी पोर म्हणूनच तिची ओळख होती. मनिषच्या घरी ती राहायला गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. लग्न लागलं नव्हतं. पाड्यात कितीतरी जोडपी अशीच राहतात, पैसे गाठीला आले की मग मांडव घालतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. त्यांच्या गाठीला ते कधी आलेच नाहीत. पोटी शितल मात्र आली.

पालघर जिल्हा वेगळा झाला त्या साली मनिषला उंबरगावच्या कारखान्यात काम लागलं. आधी तो दर आठवड्याला घरी यायचा, मग महिन्याला, मग होळी-दिवाळीला. एका दिवाळीला आलाच नाही. त्याने तिकडे दुसरी बाई ठेवल्याचं योगिताला बाजारात कळलं. रडून झाल्यावर ती आपल्या भावाकडे, सुनिलच्या घराला लागून असलेल्या खोलीत राहायला गेली. डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यातून पोत्याने फुगे यायचे. ते मोजून पाकिटात भरायचं काम तिने घेतलं. बोटांना रबराचा वास कायमचा चिकटला. पण त्या कामावर दोघींचं पोट भरेना.

डहाणूच्या कोर्टात फुकट वकील मिळतो हे तिला अंगणवाडीच्या ताईने सांगितलं. तिला मिळाल्या त्या नूतन सावे, बोर्डीच्या, चाळिशीच्या, फार न बोलणाऱ्या. मनिषने कोर्टात हात जोडून सांगितलं की हिचं माझं लग्नच झालेलं नाही आणि मला आता कामही नाही. योगिताची मान खाली गेली. सावे वकीलबाई तिच्या कानाशी लागून म्हणाल्या, "लग्नाचं राहू द्या. आपण पोरीसाठी मागतोय. पोरीचा हक्क तुमच्या लग्नावर टांगलेला नाही."

जन्मदाखल्यावर बाप म्हणून मनिषचंच नाव होतं. २०१७ मध्ये निकाल लागला. शितल सज्ञान होईपर्यंत त्याने महिन्याला दोन हजार द्यायचे. पहिला महिना त्याने दिले. पुढे सहा महिने एक पैसा नाही. वॉरंट निघालं, आणि मग या तीन फुकट खेपा.

त्या तिसऱ्या खेपेनंतर योगिताने एकेकाला मनातल्या मनात उभं करून तपासायला सुरुवात केली.

पहिला सुनिल. त्याच्याकडे नवा मोबाईल आला होता, मोठ्या काचेचा. रोजंदारीवर चिकूच्या वाडीत जाणाऱ्याकडे असला मोबाईल? तिने सरळ विचारलं, "कुणी दिला?"

सुनिल तिच्याकडे बघतच राहिला. मग आत जाऊन त्याने दुकानाची पावती आणली, तिच्या पुढ्यात टाकली आणि महिनाभर बोलला नाही. पावती खरी होती. पण पैसे कुणाचे, हे पावतीवर कुठं असतं?

दुसरी तानी, मनिषची आई. ती त्याच पाड्यात ओढ्याच्या पलीकडे एकटी राहायची. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात सारा धूर. शितल रोज तिच्याकडे जायची. आजी तिला भाकर द्यायची, केस विंचरायची आणि, योगिताला वाटायचं, पोटातलं काढून घ्यायची. लेक सोडून नातीच्या आईची बाजू कोण घेतं?

तिसऱ्या वकीलबाई. कोर्टाबाहेरच्या टपरीवर त्या मनिषच्या वकिलासोबत हसत चहा पिताना तिने पाहिल्या होत्या. चौथा हवालदार, तो तर होताच.

मग तिने एक युक्ती केली. पाड्यातली काळी नावाची तिची मैत्रीण उंबरगावच्या त्याच चाळीत मनिषच्या समोर राहायची. तिला तिने विश्वासात घेतलं, म्हणजे घ्यावंच लागलं. सुनिलला ती म्हणाली, पोलीस सोमवारी जाणार. तानीला सांगितलं, गुरुवारी. दोन्ही गोष्टी खोट्या होत्या.

सोमवारी काळीचा फोन आला. "हाय घरीच. रेडिओ लावलाय."

गुरुवारीही तेच. मनिष कामावर गेला, कामावरून आला, जेवला, झोपला.

म्हणजे भाऊ नाही, सासूही नाही. योगिताला खरं तर हलकं वाटायला हवं होतं. पण तिला वाटलं, आता उरले ते मोठे लोक. वकील आणि पोलीस. त्यांच्याशी आपण काय लढणार? मग तिने ठरवलं, कुणालाच नको. शनिवारी आपण एकटीने जायचं, त्याला समोर गाठायचं आणि विचारायचं. शुक्रवारी फुगे मोजता मोजता ती शितलला म्हणाली, "उद्या मी उंबरगावला जाऊन येते. तू आजीकडं जेव."

शनिवारी मनिषच्या दाराला कुलूप होतं.

काळी धुणं टाकून बाहेर आली. "काल सांजेलाच गेला. बोलला, उद्या ती येणार हाय."

"ती म्हणजे?"

"तू."

योगिता चाळीच्या पायरीवर बसली. शनिवारचं कुणाला सांगितलं होतं? सुनिलला नाही. तानीला नाही. वकीलबाईंना नाही, हवालदाराला नाही. काळीलाही नाही. काळीने पाणी आणून दिलं ते तिच्या हातात तसंच राहिलं.

परतीच्या एसटीत तिने तीनदा स्वतःलाच सांगितलं की आपण चुकतोय. घरी आली तेव्हा शितल अभ्यासाला बसली होती. अकरा वर्षांची पोर, कंपासपेटीच्या झाकणावर खडूने नाव लिहीत होती. योगिता तिच्यासमोर बसली.

"बाबाचा फोन येतो तुला?"

शितलने नाव पुसलं. पुन्हा लिहिलं. "येतो."

"कधी?"

"तू पाकिटं द्यायला जातेस तेव्हा. मोबाईल घरी ठेवून जातेस ना. मंग मी नंबर पुसून टाकते. तोच बोलला, पुसून टाक."

"तू त्याला सांगितलंस मी येणार ते?"

"पोलीस मारतात," शितल म्हणाली. "बाबा बोलला, मला पकडलं तर लय मारतील. मंग मी मरून गेलो तर?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज तिने सरळ ठेवला होता. "तू एकटी जाणार होतीस ते मला कुठं ठाव होतं. मला वाटलं, पोलीस संगं असतील."

योगिताला रागवायचं होतं. राग कुठून काढावा ते कळेना.

"आणखी काय विचारतो तो? शाळेचं? बरी हायेस का, असं?"

शितलने जरा आठवून बघितलं. "तू कुठं जाणार ते विचारतो," ती म्हणाली.

सुनिलला हे कळलं तेव्हा त्याचा रुसवा संपला. तो रात्रीचा जेवून येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, आता तर तो हातात आला. पोरीला खोटी तारीख सांग. ती त्याला सांगेल, तो बेसावध राहील, आपण आदल्या दिवशी जाऊन धरू. तिला कळायचं पण नाय."

दोन दिवस योगिताला दुसरं काही सुचलं नाही. सोपं होतं. दोघांना खोटं सांगून तिला सवयही झाली होती. पण शितल ज्या दिवशी बापाला सांगेल की पोलीस बुधवारी येणार आणि ते मंगळवारी येऊन त्याला बेड्या घालतील, त्या दिवसानंतर ती पोर कुणाच्या शब्दाला शब्द मानेल? बाप तिला वापरत होता. आईनेही वापरायचं म्हटलं तर मग पोरीने जायचं कुठं?

तिने काळीकडून मनिषचा नंबर घेतला आणि भर दुपारी, शितलच्या समोर, फोन लावला.

"शितल?" पलीकडून आवाज आला.

"मी हाय," योगिता म्हणाली. "आजपासून मी कुठं जाते ते पोरीला विचारू नको. मला विचार, मीच सांगेन. कोर्टाची पुढची तारीख अठरा हाय. येणार असशील तर ये, पळणार असशील तर पळ. पोरीशी बोलायचं तर तिच्या अभ्यासाचं बोल."

तो म्हणाला, "मला कामच नाय. कुठून देऊ?" आणि फोन ठेवला.

अठरा तारखेला तो आला नाही. कोर्टाबाहेर सावे वकीलबाई कंटाळल्या आवाजात म्हणाल्या, "त्याला आत टाकून दोन दिवस समाधान मिळेल. पैसे नाही मिळणार. तो कुठल्या कंपनीत आहे ते मला कागदावर पाहिजे. ठेकेदाराकडे राबतो, सगळे हात वर करतात. कागद आणा, पगारातूनच कापायला लावते."

योगिताने विचारलंच. "त्या वकिलाबरोबर तुम्ही चहा पिता."

सावे वकीलबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. चिडल्या नाहीत. "वीस वर्षं आम्ही एकाच टपरीवर चहा पितो. दुसरी टपरी नाही इथे," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या अशिलाकडे वळल्या.

कागद कुठून आणायचा? काळीला कंपनीचं नाव माहीत नव्हतं. मनिष रोज नाक्यावरून गाडीत बसून जायचा एवढंच तिला दिसायचं.

आठ-दहा दिवसांनी तानी आली. ती योगिताच्या दाराशी कधी येत नसे. काठी टेकत ओढा ओलांडून आली, ओटीवर बसली आणि कमरेच्या गाठीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढला. कामगार विम्याचं कार्ड होतं. वर मनिषचं नाव, खाली कंपनीचं नाव आणि नंबर. घरच्या माणसांच्या रकान्यात एकच नाव होतं, तानी, आई.

"यावर माझा डोळा केला त्यानं, वापीला नेऊन," तानी म्हणाली. "फुकट झाला. तुझ्या वकिलीणीला याचा उपयोग होईल का बघ."

योगिताने कार्ड हातात घेतलं नाही. "कशाला देतेस?"

"तुला पाहिजे ना? पोर बोलली."

"तो तुझा लेक हाय. मला कशाला देतेस?"

आत तिचं मन भरभर चाललं होतं. कार्ड जुनं असेल. कंपनी बंद पडली असेल. कोर्टात खोटा कागद दिला म्हणून आपल्यालाच अडकवायचा बेत असेल, आणि म्हातारीला मनिषनेच धाडलं असेल.

तानीने काठी बाजूला ठेवली. "डोळा केला तसं मला चांगलं दिसाया लागलं," ती म्हणाली. "मंग पोरीची चप्पल पण दिसली. दोऱ्यानं बांधून घालते ती. मी त्याला फोनवर बोलले, एक चप्पल तरी घे. तो बोलला, तिची आई घेईल." ती थांबली. "त्याला सांगू नको मी दिलं ते. नाय तर सांग. कळेलच त्याला."

"दुसरा डोळा राहिलाय तुझा."

"हां. राहिलाय."

तानी गेल्यावर योगिताने ते कार्ड खिडकीच्या उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. सुनिलकडून वाचून घेतलं, शितलकडून पुन्हा वाचून घेतलं. तरी खात्री होईना. दुसऱ्या दिवशी ती डहाणूला गेली आणि वकीलबाईंना म्हणाली, "खोटं असंल तर मला आधीच सांगा."

खोटं नव्हतं. कोर्टातून कंपनीला पत्र गेलं. कंपनीच्या कारकुनाने आधी असा कुणी माणूसच नाही असं कळवलं. वकीलबाईंनी कार्डावरचा नंबर लिहून पुन्हा पत्र धाडायला लावलं, तेव्हा माणूस सापडला. २०१९ च्या मार्चपासून मनिषच्या पगारातून दोन हजार कापले जाऊ लागले, आणि मागच्या थकबाकीचे पाचशे वेगळे.

त्या होळीला मनिष पाड्यावर आला नाही. आईशी त्याने बोलणं टाकलं. काळीने सांगितलं की तो दारू पिऊन म्हणतो, आता नोकरीच सोडतो, मग बघू कुठून कापतात. सोडली नाही. पण सोडेल, असं योगिता धरून चालायची. मोबाईलवर बँकेचा मेसेज आला तरी ती तलासरीला जाऊन पासबुक छापून आणायची. मेसेजचं काय, कुणीही पाठवेल.

मे महिन्यात सरकारी दवाखान्यात डोळ्यांचं शिबिर होतं. योगिता तानीला घेऊन गेली. दिवसभर दोघी बाकावर बसल्या. नाव पुकारल्यावर तानीने तिचा हात धरला आणि योगिताने तो धरू दिला. ऑपरेशन जूनमध्ये झालं.

त्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी शितल म्हणाली, "बाबा आता फोनच नाय करत."

योगिताला बरंच काही सांगता आलं असतं. पगार कापला म्हणून बाप रुसलाय, हे खोटंही नव्हतं.

"नंबर हाय मोबाईलमध्ये," ती म्हणाली. "तू कर."

शितलने आधी तिच्या तोंडाकडे बघितलं. आईच्या मनात खरंच तसं आहे की काही डाव आहे, ते ती शोधत होती. ती नजर योगिताने ओळखली, आपलीच होती. तिने मोबाईल पोरीच्या हातात दिला आणि बाहेर अंगणात जाऊन बसली.

फोन लागला. शितल हळू बोलत होती. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी तिला ज्वालामुखी करायला सांगितला होता, त्याला रंग लागणार होता, असलं काहीतरी. मध्येच तिचा आवाज आणखी खाली गेला. योगिताचे कान आपोआप तिकडे वळले. मग ती उठली आणि ओढ्याच्या दिशेने आणखी थोडी लांब जाऊन उभी राहिली, जिथून ऐकू येत नव्हतं.