डब्यावरची तारीख

वस्तूच्या अंगावर जे छापलेलं असतं ती तिच्याविषयीची अफवा, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे आमचे साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, माधव नगरला राहणारे. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात, हे लिथियमच्या सेलमागे लागले. अंगठ्याएवढे ते सेल चाळीस-पन्नास जोडले की ई-स्कूटरची किंवा मोटारवाल्या चाकाच्या खुर्चीची बॅटरी होते. ओळखीच्यांना ते अशा बॅटऱ्या बांधून देत. पण सेल निवडायला इतका वेळ लावत, की तोवर एकाने स्कूटरच विकून टाकली होती.

देवास गेटच्या एका दुकानात मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. दुकानदार म्हणाला, "ये लो अंकल, इस पर सबसे ज़्यादा लिखा है." साडूंनी खिशातून सोनाराचा काटा काढला, सेल त्यावर ठेवला आणि म्हणाले, "लिखने में क्या लगता है? वज़न तो आधा है." असे वीसेक सेल तोलून झाल्यावर दुकानदार वैतागला. "सेल ले रहे हो अंकल, कि लड़की देख रहे हो?" साडू शांतपणे म्हणाले, "लड़की पाँच मिनट में पसंद की थी. सेल में जल्दी नहीं चलती." बाहेर आल्यावर त्यांनी मला समजावलं, "भाऊसाहेब, टाकी केवढी, म्हणजे सेलात वीज किती मावते, ते सगळे छापतात. तोटी केवढी ते कोणी सांगत नाही. जोर लावणाऱ्या यंत्राला तोटी मोठी लागते. बारीक तोटीतून जास्त ओढलं की सेल तापतो."

घरी आणलेला प्रत्येक सेल मीटरवर तपासायचा, पूर्ण भरायचा, नि मग माझ्या मेहुणीच्या पापडाच्या डब्यात तीन आठवडे निजवून ठेवायचा. नुसत्या पडल्या पडल्या जो जास्त उतरला तो बाद. जो टिकला त्याच्यावर भार टाकायचा आणि गालाला लावून ऊब बघायची. मेहुणी म्हणायची, "मला ताप आला तर यांना थर्मामीटर सापडत नाही, सेलला मात्र स्वतःचा गाल." बाद झालेल्यांबद्दल साडूंना वाईट वाटे. "बिचारा टॉर्चमध्ये चालेल हो. पण चढावर हा दमणार, आणि बाकीच्यांनाही त्रास देणार." आणि एकदा पास झालेला सेल ते पुन्हा कधी तपासत नसत. "पास झालेल्याचा अपमान करायचा नाही." डबा केव्हा भरला ती तारीख झाकणावर पुसता येणाऱ्या मार्करने लिहीत. आठवणीवर भरवसा नाही म्हणून. या जगातलं एवढंच लिखाण त्यांना खरं वाटे.

आता जे सांगायचं ते. माझ्या बायकोचे, माईचे, गुडघे गेले होते. तिच्या खुर्चीला मोटार बसवली आणि बॅटरी साडूंकडे सोपवली. माईला श्रावणातल्या सोमवारी निघणारी सवारी, देवाच्या पालखीची मिरवणूक, बघायची होती. चाळीसांतले अडतीस सेल पास झाले, दोन बाद. बदली दोन आणून डब्यात ठेवले ते पंधरा तारखेला. त्यांचे तीन आठवडे भरायच्या आधी माईने धरलेला सोमवार येऊन जाणार होता. मी म्हटलं, "दोनच तर आहेत, चलता है." साडू म्हणाले, "भाऊसाहेब, त्या खुर्चीत माई बसणार आहेत."

ते चहा सांगायला आत गेले. मी अंगठा ओला केला आणि झाकणावरच्या पंधरातला एक पुसला. पंधराचे पाच झाले.

आपलीच आठवण चुकली असं समजून, पाच तारखेपासून तीन आठवडे मोजून साडूंनी डबा उघडला. दोन्ही सेल किंचित उतरले होते. "तीन आठवड्यांत एवढंच? चालेल," म्हणाले, आणि त्यांना पास करून टाकलं. त्यानंतर माझं मन ठिकाणावर राहिलं नाही. माई अंगणात खुर्ची फिरवायची, आणि मी मागे वाकून बॅटरीला हात लावून बघायचो. ती म्हणाली, "अहो, मला लोकांसमोर लाजवू नका." खरं सांगायला चार दिवस होते. मी रोज उद्यावर टाकत गेलो.

त्या सोमवारी सवारीला जाताना पुलाच्या चढावर सीटखालून गोडसर, करपट वास आला आणि मग धूर. दोघा रिक्षावाल्यांनी माईला उचलून बाजूला नेलं. तिला कुठे भाजलं नाही. खुर्ची मात्र आमच्या डोळ्यांसमोर जळली. माई पुन्हा कुठल्याच चाकाच्या खुर्चीत बसली नाही आणि सवारी तिने पुन्हा पाहिली नाही. सगळे नातेवाईक साडूंना बोलले. ते एवढंच म्हणाले, "माझी चूक झाली." मी तिथेच उभा होतो. मग त्यांनी मीटर नि काटा कपाटात ठेवले आणि पुन्हा कोणाची बॅटरी बांधली नाही.

माई गेल्या वर्षी गेली. तीन वर्षं गप्प बसल्यावर परवा मी साडूंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोटांवर मोजत राहिले. "म्हणजे अकराच दिवस?"

"अकराच."

"अकरा दिवसांत तेवढे उतरले, म्हणजे तीन आठवड्यांत दुप्पट. मी बादच केले असते." त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "तीन वर्षं मला वाटतंय, माझी पद्धतच खोटी होती." मग विचारलं, "माईंना ठाऊक होतं?"

"नाही."

"भेटल्या की म्हणायच्या, तुमच्यावर राग नाही हो माझा. मी मान खाली घालून ऐकायचो." मग म्हणाले, "त्यांना सांगायला हवं होतंत, भाऊसाहेब."

मी उठलो. ते नेहमीसारखे फाटकापर्यंत सोडायला आले. निरोप देताना आपल्याकडे 'या' म्हणतात. मी रस्त्यावर आलो, चपला नीट केल्या, उगाच थोडा रेंगाळलो. ते फाटक धरून उभे होते. 'या' म्हणायला त्यांनी पुष्कळ वेळ लावला, पण म्हणाले.