गल्लीत वळणारे बैल

मुलांनो, तुम्ही समुद्रापलीकडे वाढताय. आपली गल्ली तुम्ही एकदाच पाहिलीत, तीही फार लहान असताना. तिच्याविषयी लिहायचं मी बरेच दिवस पुढे ढकलत होते. आता लिहिते, कारण स्टेशनकडे माल नेणाऱ्या मोटारलॉऱ्या हल्ली मोठा रस्ता सोडून आपल्या गल्लीतून जाऊ लागल्या आहेत, आणि त्यांना मनाई करावी की नाही असं नगरपालिकेनं गल्लीकरांना विचारलं आहे. साहेबांना इंग्रजी अर्ज बरा वाटतो, म्हणून तो लिहायचं काम शेजाऱ्यांनी माझ्यावर टाकलं. अर्जात मुद्दे लिहायचे असतात. माझ्या मनात मात्र मुद्द्यांच्या आधी एक पहाट येते. ती अर्जात बसत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. नंदुरबारला आगगाडी येऊन फार काळ झाला नव्हता. गल्ली आज आहे तशीच अरुंद होती. दोन्ही बाजूंना ओटे, मधून एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढी वाट. एका टोकाला मोठा रस्ता, दुसऱ्या टोकाला महादेवाचं देऊळ, आणि देवळामागून स्टेशनकडे जायला कच्चा रस्ता.

माझ्या वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, आमच्याकडे राहायची. देवीच्या साथीत तिचा नवरा गेला आणि तिचे डोळेही गेले. दिवसभर तिला कोणी ना कोणी हाताला धरून नेई: माजघरात, परसात, शेजारी हळदीकुंकवाच्या गर्दीत एका कोपऱ्यात. ती कुरकुरत नसे, पण हात धरला की तिची बोटं ताठ होत, ते मला कळायचं. पहाटे मात्र ती पाण्याचा तांब्या घेऊन एकटी महादेवाला जायची. गल्ली ती कानांनी चालायची. एका घरातलं जातं, पुढे गोठ्यातल्या गाईची हालचाल, मग आडाच्या रहाटाची करकर, आणि देवळाच्या पायरीशी पिंपळाची सळसळ. तेवढी वाट तिची स्वतःची होती.

एका पावसाळ्यात मोठ्या रस्त्यावरची मोरी खचली, ती मिरचीच्या हंगामापर्यंत तशीच राहिली. तापीकाठच्या गावांतून मिरची नि कापूस भरून गाड्या रात्रभर चालत यायच्या आणि पहाटे गावात पोचायच्या. त्या आमच्या गल्लीतून स्टेशनकडे जाऊ लागल्या. सुरुवातीला कोणाची तक्रार नव्हती. बायकांनी गाडीवानांना पाणी दिलं, बैलांना भाकरीचा तुकडा दिला. पुढे मोरी बांधून झाली, तरी गाड्या गल्लीतूनच. मोठ्या रस्त्यानं गेलं तर साऱ्या गावाला वळसा पडतो, आणि रात्रभर ओढून आलेल्या बैलांना आणखी कशाला ओढायला लावायचं, हे गाडीवानांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण मिरचीच्या खकाण्यानं अख्खी गल्ली शिंकत उठायची, आणि घुंगुरमाळांच्या आवाजात जातं, गाय, रहाट सगळं बुडून जायचं. आत्याची वाटच बुडायची.

मग एकदा चाकाच्या मधल्या तुंब्यात तिचा पदर अडकला. लुगडं जुनं होतं, ते फाटलं, म्हणून ती वाचली. वडिलांनी त्याच दिवशी सांगितलं की आता एकटीनं जायचं नाही, कोणीतरी सोबत येईल.

आत्या म्हणाली, “म्हंजे आता महादेवले बी कोनी हात धरीसन लई जाई मले?”

वडिलांनी शब्द मागे घेतला नाही. त्याऐवजी ते स्टेशनवर जाऊन गाडीवानांना भेटले. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा त्यांचा पुढारी होता, त्याची गाडी नेहमी सर्वांत पुढे. त्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं की उद्यापासून मोठ्या रस्त्यानं जाऊ. आत्याला हे कळलं तेव्हा तिनं तांब्या चिंचेनं घासून लख्ख केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीच्या तोंडाशी पुन्हा घुंगरं वाजली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. गल्लीतले पुरुष भडकले. गाडीवानांच्या शब्दाला काडीची किंमत नाही, ते आपल्याला हसत असतील, असं सगळे बोलू लागले, आणि उद्या तोंडाशी लाकडाचा ओंडका आडवा टाकायचा ठरलं. वडिलांनाही ते पटलं.

त्या उद्याच्या पहाटे, ओंडका आणायला पुरुष उठण्याआधीच, आत्या तांब्या घेऊन निघाली. दार करकरलं तशी मी जागी झाले आणि ओट्यावर आले. आकाश नुकतं राखाडी होत होतं. आत्या थोडी पुढे गेली असेल, एवढ्यात गाड्या गल्लीत वळल्या आणि तिच्या समोरून येऊ लागल्या. त्या दिवशी ती देवळाऐवजी गल्लीच्या तोंडाकडेच चालली होती. शब्द का मोडला ते गाडीवानाला स्वतःच विचारायचं तिच्या मनात होतं, हे तिनं नंतर सांगितलं.

ती वाटेच्या मधोमध उभी राहिली. पुढची बैलजोडी तिच्यापासून हातभर अंतरावर आली आणि थांबली. कोणी कासरा ओढला नाही, कोणी हाक दिली नाही. मग मागची जोडी थांबली, मग तिच्या मागची. घुंगरं एकेक गाडी करून मागे मागे शांत होत गेली, पार मोठ्या रस्त्यापर्यंत, आणि शेवटचं घुंगरू वाजायचं थांबलं तेव्हा मला पुन्हा जात्याची घरघर ऐकू आली. एवढे बैल, एवढा माल, आणि साऱ्या गल्लीत बैलांच्या श्वासांची वाफ. आयुष्यात पुढे मी मोठमोठी शहरं पाहिली, बंदरात आगबोटी पाहिल्या. पण त्या पहाटेसारखी मी पुन्हा कुठे स्तब्ध झाले नाही.

आत्यानं विचारलं, “कोन शे रे भाऊ?”

उत्तर नाही. तिनं हात पुढे केला. बैलाचं कपाळ लागलं, मग शिंग, मग जू. तशीच चाचपत ती गाडीच्या बाजूला आली आणि पोत्यांवरून लोंबणारा एक पाय तिच्या हाताला लागला. तो तिनं हलवला.

“ऊठ रे. तुन्हा बैल जागा शेतस, तूच झोपेल शे.”

म्हातारा दचकून उठला. आपण कुठे आहोत हे पाहून त्यानं कपाळाला हात लावला. मागच्या गाड्यांवरही कोणी जागं नव्हतं. रात्रभराच्या वाटेवर गाव जवळ आलं की सगळ्यांचा डोळा लागायचा, आणि एवढ्या दिवसांत बैलांना गल्ली पाठ झाली होती. वळण आलं की ते आपले आपण वळायचे.

“माय, आम्हीन आयकं,” म्हातारा म्हणाला, “पन बैलस्ले कोन सांगी?”

तोपर्यंत गल्ली ओट्यांवर आली होती. समोरची काकू म्हाताऱ्याला म्हणाली, “भाडं बैलस्लेच दे रे बाबा, गाडी तर तेच हाकी ऱ्हायनात.” दोघे-तिघे हसले. वडील मात्र हसले नाहीत. ओंडका पडला असता तर काय झालं असतं, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असावं. झोपलेली माणसं, अंधार, बैलांचे पाय.

आत्यानं तिथेच सांगितलं की ओंडका टाकायचा नाही. म्हाताऱ्याला एवढंच म्हणाली, “वळनवर खाले उतर. बैलस्ना मोऱ्हे चाल. त्या शिकतीन.”

दुसऱ्या दिवशी वडील मला घेऊन तोंडाशी उभे राहिले. म्हातारा खाली उतरला, कासरा हातात घेतला आणि पायी पुढे निघाला. बैल गल्लीकडे ओढत होते. तो त्यांच्याशी बोलत होता, रागावून नाही, समजूत घालावी तसा. मागून एकेक गाडीवान उतरला आणि बैल धरून गल्लीवरून पुढे गेला. असं बरेच दिवस चाललं. पुढे बैल ओढेनासे झाले. फक्त तोंडाशी आले की क्षणभर थांबून मान गल्लीकडे वळवायचे, आणि मग सरळ जायचे. तेही मी किती वेळा डोळे भरून पाहिलं.

आत्या शेवटच्या दुखण्यापर्यंत एकटी महादेवाला जात होती. कोणी तिचा हात धरला नाही.

अर्ज मी काल लिहून दिला. लॉरीचा ड्रायव्हर झोपला तर तिच्यात दुसरं कोणी जागं नसतं, एवढाच मुद्दा त्यात घातला. उत्तर अजून आलेलं नाही. मिरचीच्या हंगामात बैलगाड्या अजून येतात, आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी गाडीवान अजूनही खाली उतरून बैलांपुढे चालतात. का, ते आताच्या तरण्या गाडीवानांना माहीत नाही.