डावा स्पीकर

माधव गेल्याचा फोन नांदेडहून आला, तेव्हा मी बैठकीत गाणी ऐकत होतो. त्याला अजून निवृत्तही व्हायचं होतं. महिना होत आला. अजून फोन वाजला की मी आधी डाव्या स्पीकरकडे बघतो...

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून हदगावचा माधव आला आणि आमच्या शेजारी राहू लागला. त्याच सुमारास दुष्काळ पडला, टँकर सुरू झाले आणि आमच्या बैठकीत पाण्याची दोन लोखंडी पिंपं आली. मी स्टिरिओ नुकताच घेतलेला. दुसरी जागा नव्हती, म्हणून एकेका पिंपाच्या झाकणावर एकेक स्पीकर ठेवला. कोपऱ्यात आवाज ढमढम घुमायचा; पिंपं भिंतीपासून हातभर पुढे ओढायची युक्ती माधवची. सुताराची टेप लावून मी दोन्ही स्पीकर खुर्चीपासून सारख्या अंतरावर आणले. बायको म्हणायची, “तुमचं गाणं खाली उतरवा, वरणाला पाणी पाहिजे.”

माधव संध्याकाळी त्या खुर्चीत बसायचा आणि म्हणायचा, “डाव्याचा आवाज लई पडून राहिलाय.” मी स्पीकरची अदलाबदल केली, तरी तक्रार डाव्याचीच. “पिंप रिकामं हाय, ते आवाज खातंय,” तो म्हणाला. टँकर आला, पिंप काठोकाठ भरलं, तरी डावाच. मी आत जाऊन परत आलो की डावा स्पीकर झाकणाच्या पुढच्या कडेला सरकलेला असायचा. माझ्या नव्या वस्तूवर याचा राग का, हे मला कळेना.

बायको म्हणाली, “भाऊजींना डावीकडून चहा विचारला तर उत्तर न्हाई. उजवीकडून विचारा, लगेच दोन कप.”

दुसऱ्या दिवशी मी सरळ विचारलं, “इथं कान तपासायला येतोस का?”

तो हसला नाही. “हाव. किती गेला, ते कळतंय. कायम करायच्या आधी डाक्टरी हाय. ऑपरेटरला कान नसला तर घरी बसवतील. कुठं बोलू नको.”

मी बोललो नाही. तो कायम झाला. डाक्टरीतून कसा सुटला, याबद्दल मला आजही संशय आहे. पुढे मी कितीदा आडून विचारलं. दरवेळी तो डावा कान माझ्याकडे करून बसायचा.

तो नांदेडला बदलून गेला, पिंपंही गेली. स्पीकर स्टँडवर आले, पण डावा पुढेच राहिला; माधव कधीही येईल म्हणून.

परवा मापाची टेप काढली आणि डावा स्पीकर मागे सारून अंतर सारखं केलं. खुर्चीत बसलो. डावीकडचा आवाज पडल्यासारखा वाटला. मन खाऊ लागलं. बायकोला म्हटलं, “जरा डावीकडून हाक मार.”

“आता तुम्ही पण?” ती म्हणाली.

ऐकू आलं. तरी उठलो आणि स्पीकर त्याच्या जागी पुढे ओढून ठेवला.