पानदानातलं पेडल

गिटारच्या पेडलची बॅटरी बदलायला झाकण उघडलं की अजून काताचा वास येतो, आणि मला उस्मानपुऱ्यातली ती दुपार आठवते. आवाज खरखरीत करणारं ते पेडल मी घरीच जोडलं होतं, पण प्लास्टिकच्या डब्यात ते सारखं घूं घूं करायचं. त्याला धातूचा डबा पाहिजे होता. तळमजल्यावरच्या शेजारणीनं, आम्ही त्यांना खाला म्हणायचो, फळीवरचं जुनं पानदान घेऊन जा म्हणून सांगितलं. फळीवर दोन होती, दोन्ही जुनीच. न विचारता मी जड पितळेचं उचललं, त्याला चार भोकं पाडली, पेडल आत बसवलं आणि घूं घूं खरंच थांबली. ईदच्या आधी एका दुपारी पितळ घासायला काढलं तेव्हा खालांना त्यांच्या अम्मीचं पानदान सापडेना. माहेरी कोणाला दिलंस, असं त्या सुनेला विचारत होत्या, ते मला जिन्यातून ऐकू आलं. सून नुसती रडत होती. मी पेडल वायरींसकट उचललं आणि खाली जाऊन त्यांच्यापुढं ठेवलं. खालांनी एका भोकात बोट घालून पाहिलं. मग सुनेचा हात धरून म्हणाल्या, "चोर घर का नई निकला, शुकर है." आणि मला म्हणाल्या, "तूच रख अब. छेद वाला पानदान मेरेकू नक्को." नंतरच्या पेडलांना मी बाजारातून विकतचे डबे आणले, पण त्या दुपारी चोर ठरून जेवढं हलकं वाटलं, तेवढं लई कमी वेळा वाटलंय.