बारा मिनिटांचा ज्वालामुखी

डोंगराच्या गोल रस्त्यावर पर्यटकांची गाडी चालवणाऱ्या या गृहस्थांना सगळे बारामिनिटे म्हणत. सात ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी जाऊन-येऊन बारा मिनिटं, तेराव्या मिनिटाला हॉर्न. थिजलेल्या लाव्ह्याचं काळं मैदान, राखेची टेकडी, वाफेचे झरे आणि शेवटी प्रत्यक्ष ज्वालामुखीचं तोंड. उतरा, चाला, बघा, फोटो काढा, बसा. एकवीस वर्षांत एकदाही उशीर नाही, याचा त्यांना कोण अभिमान!

"वर सात रंगांचं तळं आहे," असं शेवटच्या थांब्यावर ते छातीठोकपणे सांगत आणि स्वतः सीट मागे टाकून डुलकी काढत. आपण एकदाही वर गेलेलो नाही, ही गोष्ट त्यांनी कुणाच्या कानावर जाऊ दिली नव्हती. बायकोच्या तर नाहीच. ती बिचारी बहिणीला, विहीणबाईंना, डॉक्टरांनासुद्धा सांगत आली होती, की आमच्या ह्यांना तो डोंगर तोंडपाठ आहे.

त्याच डॉक्टरांनी तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी सोमवार दिला. त्यानंतर चढउतार बंद.

"एकदा ते तळं बघून येते," ती म्हणाली. "मग काही मागणार नाही."

हे वाक्य लग्नानंतर तिनं चौथ्यांदा म्हटलं होतं, पण या वेळी डोळ्यांत पाणी होतं. सुट्टीच्या दिवशी बारामिनिटे तिला घेऊन निघाले.

सहा ठिकाणं वेळेत उरकली. सातव्या ठिकाणी ती काठी टेकत वर गेली, ह्यांनी सीट मागे टाकली आणि तेराव्या मिनिटाला सवयीनं हॉर्न मारला. ती आली नाही. पुन्हा मारला. अर्ध्या तासानं मात्र माणूस चपला सावरत धावत सुटला.

सहाव्या मिनिटाला त्यांना धाप लागली, तेव्हा जेमतेम पहिलं वळण आलं होतं. तिथं रिकाम्या बाटल्यांचा ढीग, पुढे एकसुद्धा नाही. त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकवीस वर्षं त्यांचा एकूण एक पर्यटक इथूनच माघारी फिरला होता! आणि तरी गाडीत बसताना म्हणत होता, काय ते तळं, काय ते रंग! एका प्राध्यापकांनी तर आठ मोजले होते.

पाऊण तासानं ते वर पोचले. बायको कड्याच्या अलीकडे दगडावर पाय पसरून बसली होती. खाली तळं होतं. हिरवं, नुसतं हिरवं. कडेला गंधकाचा पिवळा थर आणि नाकाला सडक्या अंड्यांचा वास.

"मला वाटलं, पडलीस की काय!"

"एकच रंग आहे," ती म्हणाली.

"आज... ऊन कमी आहे."

तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. माणूस घामाघूम झाला होता आणि तळ्यावरची नजर काही हटत नव्हती.

"अहो, तुम्हीही पहिल्यांदाच बघताय ना?"

खोटं बोलायला दम शिल्लक नव्हता. त्यांनी मान हलवली. त्यांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती दगडावर जरा सरकली.

"बसा. सोमवारनंतर मला यायला जमायचं नाही. तुम्ही रोज वर यायचं आणि आज पाणी कसं होतं, ते घरी येऊन खरं सांगायचं."

"रोज?" ते कुशीवर हात दाबत म्हणाले.

"रोज," ती म्हणाली आणि पुन्हा तळ्याकडे बघू लागली.