स्कूटरवरची शेजारीण

आमच्या चिखलोलीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी ती इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकांचे फोन घेते आणि रात्रपाळी संपवून सकाळी घरी येते. आली की लिफ्टकडे न जाता पार्किंगमधल्या माझ्या दिवंगत पत्नीच्या बंद स्कूटरवर बसते, सँडल काढते आणि मला म्हणते, "काका, आज पुरी नॅकर्ड."

हा शब्द तिला गिऱ्हाइकांकडून मिळालेला. मी तो कोशात पाहिला. तिकडे कामातून गेलेले म्हातारे घोडे कातड्यासाठी विकत घेऊन मारणाऱ्याला नॅकर म्हणत. त्यावरून नॅकर्ड, म्हणजे पार थकलेला. मी हे सांगितलं तेव्हा ती पाय चोळत म्हणाली, "म्हणजे भंगारवालाच की. काका, माझा काय भाव येईल?"

पुढच्याच आठवड्यात सोसायटीने बंद गाड्या हटवायला भंगारवाला बोलावला. स्कूटर चालत नव्हती, चालवणारीही उरली नव्हती. तरी किल्ली देववत नव्हती. ती मुठीत धरून मी खाली गेलो, तर शेजारीण नेहमीसारखी स्कूटरवर बसलेली.

"मॅडम, उतरो ना. गाडी ले जानी है," भंगारवाला म्हणाला.

"थकी हूँ भैया. बाद में आना."

"कब?"

"थकान उतरेगी तब."

तो हसत दुसऱ्या गाड्यांकडे वळला. त्याचा टेम्पो फाटकाबाहेर जाईपर्यंत ती हलली नाही. मग सीटवर थोपटून, सँडल हातात घेऊन लिफ्टकडे गेली.

हल्ली सकाळी ती यायच्या आधी मी सीट पुसून ठेवतो.