रशियन बाई आमच्याकडे जेवायला

विद्यापीठाच्या रशियन अभ्यास केंद्रात मी एम.फिल. करत होते, तेव्हाच सोव्हिएत संघ फुटला. मॉस्कोला जायची माझी शिष्यवृत्तीही त्यात बुडाली. अंबरनाथला शिवमंदिराजवळ आमचं घर. शेजारणी आईला विचारायच्या, "आता हिच्या रशियनचं काय हो?" आई म्हणायची, "बोलेल की." कुणाशी, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मग एका सकाळी बाबांच्या ओळखीचे उल्हासनगरचे एक सिंधी काका घरी आले. त्यांचं जीन्सचं दुकान होतं. "साईं, रशिया से पार्टी आई है. बाई इंग्लिश नहीं समझती. बेटी को भेजो ना."

बाबा मला घेऊन गेले. दुकानात जीन्सच्या ढिगापाशी स्टुलावर चाळिशीतली एक बाई बसली होती, उन्हाने लालबुंद झालेली. मी पुस्तकातलं स्वागताचं लांबलचक वाक्य म्हटलं. ती दचकली, मग हसतच सुटली.

"अगं, असं माझे आजोबा बोलायचे!"

माझा चेहरा उतरलेला पाहून तिने माझा हात धरला. "रागावू नकोस. इथे आल्यापासून माझ्या भाषेत पहिल्यांदा कुणीतरी बोललं."

ती तिकडे शाळेत भूगोल शिकवायची. पगार थांबले, म्हणून इथून कपडे नेऊन विकत होती.

दुपारी तिला घरी जेवायला नेलं. "वरणात तिखट नाही, सांग तिला," आई म्हणाली. बाईने दोनदा भात घेतला. मग आईने विचारायला लावलं, "मुलंबाळं?"

"एक मुलगी. आजीपाशी सोडून आलेय." आईने तिच्या ताटात आणखी थोडं वरण वाढलं.

"म्हणावं, पुढच्या खेपेला घेऊन ये."

मी केंद्रात गाईडना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग तोच विषय घे. बाजारात आलेल्या या लोकांची रशियन." शिष्यवृत्ती गेल्यापासून अडलेलं माझं काम असं पुन्हा सुरू झालं. बाई आली की मी टेपरेकॉर्डर घेऊन दुकानात बसायचे. ती माझे उच्चार सुधारायची, काका चहा मागवायचे.

तिसऱ्या खेपेला तिने खरंच मुलीला आणलं. लाजरी, दहा-अकरा वर्षांची, पिंगट केसांची. आईने तिला ओट्यावर बसवलं, केसांना खोबरेल लावलं आणि दोन घट्ट वेण्या घातल्या. मराठीत तिच्याशी अखंड बोलत होती. पोरगी डोळे मिटून ऐकत होती. भाषांतर करायला मला कुणी बोलावलंच नाही.